प्रायमिंग म्हणजे मेकअपचं प्रायमर नव्हे: ताईच्या फाइलची पूर्ण केस

माझं काम म्हणजे दिवसभर कानात हेडफोन घालून डॉक्टरांचं डिक्टेशन टाइप करायचं, त्यातलं निम्म्याच्या वर प्लास्टिक सर्जरी आणि स्किनचं असतं. त्यामुळे हे सगळे शब्द मला तोंडपाठ. आणि तरी माझ्या सख्ख्या मावसबहिणीची फाइल माझ्यापर्यंत आली ती गालावर काळे डाग पडल्यावर, आधी नाही. ताईनेच सांगितलंय की लिही, फक्त नाव नको. म्हणून ही केस पहिल्यापासून लिहितेय, कारण यात मशीन कुणी वाकडं चालवलं नाही की कुणी मुद्दाम फसवलं नाही, जे काही बिघडलं ते कागदावरच्या शब्दांत बिघडलं.

ताईचं वय ३९. दोन्ही गालांवर कॉलेजपासूनचे पिंपल्सचे खड्डे, रंग सावळा, हनुवटीच्या कडेने अजूनही अधूनमधून पिंपल येतात, आणि गेल्या दोनेक वर्षांत वरच्या पापण्या जड दिसायला लागल्यात. पहिल्या डॉक्टरांनी चांगलं अर्धा तास बघितलं आणि एक पान लिहून दिलं. ते पान मी जसंच्या तसं उतरवतेय:

पोस्ट-ॲक्ने ॲट्रॉफिक स्कारिंग, ग्रेड ३, मिक्स्ड, आइसपिक जास्त. एफएसटी ५. हिस्टरी ऑफ पीआयएच. प्रायमिंग ६ आठवडे. मग सबसिजन, आइसपिकला टीसीए क्रॉस. फ्रॅक्शनल सीओटू शेवटी, लो डेन्सिटी, आधी टेस्ट स्पॉट. दोन्ही अप्पर लिड हुडिंग, आर/ओ टोसिस.

मला विचाराल तर हे पान फार चांगलं आहे. सगळी योजना पाच ओळींत बसलीय. पण ते एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहावं तसं लिहिलंय आणि वाचणार होती ताई.

ताईने काय वाचलं

ॲट्रॉफिक वाचून तिला वाटलं की चेहऱ्याचे स्नायू वाळत चाललेत, कारण शेजारच्या आजोबांच्या पायाच्या रिपोर्टवर मसल ॲट्रॉफी लिहिलेलं तिने पाहिलं होतं. शब्द तोच आहे, झिजणं, पण इथे झिजलंय ते पिंपलच्या जागचं कोलाजेन, म्हणजे कातडीला आधार देणारं प्रथिन. व्रण भरताना माल कमी पडला तर खड्डा राहतो, तो ॲट्रॉफिक. माल जास्त झाला तर उंचवटा येतो, तो हायपरट्रॉफिक किंवा केलॉइड. म्हणजे स्कारच्या आधी कुठला शब्द लावलाय यावरून अख्खी ट्रीटमेंट उलटी होते, खड्ड्यात भर घालायची असते आणि उंचवटा दाबायचा असतो.

एफएसटी ५ चं तिला फारच लागलं. 'मला पाचवा नंबर दिला' म्हणाली, जणू वर्गात नंबर लावलेत. हा फिट्झपॅट्रिक स्किन टाइप. थॉमस फिट्झपॅट्रिक या डॉक्टरांनी १९७५ मध्ये हे केलं ते सोरायसिस या त्वचारोगाच्या पेशंटला औषध देऊन यूव्ही किरण किती द्यायचे ते ठरवायला. सौंदर्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. सुरुवातीला चारच प्रकार होते, सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाच आणि सहा नंतर जोडले. प्रश्न एवढाच असतो की उन्हात गेल्यावर तुमची त्वचा भाजून लाल होते की रापते. १ म्हणजे नेहमी भाजते, कधीच रापत नाही. ५ म्हणजे क्वचितच भाजते, पटकन आणि गडद रापते. आता लेझरवाल्याच्या दृष्टीने ५ चा अर्थ असा की या त्वचेला कसलाही धक्का बसला की ती रंग तयार करून उत्तर देते. लगेच पुढे लिहिलेलं हिस्टरी ऑफ पीआयएच हा त्याचाच पुरावा, पिंपल गेल्यावर तिथे महिनोन्महिने तपकिरी ठिपका राहतो तो पोस्ट-इन्फ्लमेटरी हायपरपिगमेंटेशन. म्हणजे कागद ओरडून सांगत होता की हिला लेझर जपून द्या, आणि ताईला वाटत होतं की आपल्या रंगावर शेरा मारलाय.

ग्रेड ३ ला ती कॅन्सरची स्टेज समजली, रात्रभर झोपली नाही. खड्ड्यांच्या ग्रेडिंगची एक साधी पद्धत आहे, गुडमन आणि बॅरन यांची, २००६ ची. ग्रेड १ म्हणजे फक्त रंगाचे डाग, खड्डा नाही. ग्रेड २ चे खड्डे मेकअपने किंवा दाढीच्या खुंटांनी झाकले जातात, हातभर अंतरावरून जाणवत नाहीत. ग्रेड ३ चे बोलायच्या अंतरावरून दिसतात, पण कातडी ताणली की सपाट होतात. ग्रेड ४ चे ताणूनही जात नाहीत. ही टेस्ट मी ताईकडून नंतर घरीच करून घेतली. अंधाऱ्या खोलीत आरसा, मोबाइलचा टॉर्च बाजूने धरला, समोरून नाही, समोरून धरला की खड्डे गायब होतात (फोटोतली अर्धी जादू तीच असते बरं का). दोन बोटांनी गाल कानाकडे ताणला आणि बघितलं तर मोठे पसरट खड्डे विरून गेले, ते रोलिंग. उभ्या कडांचे चौकोनी दोन-चार अर्धवट राहिले, ते बॉक्सकार. आणि सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं होती तशीच राहिली, ती आइसपिक. 'म्हणजे एकाच गालावर तीन वेगवेगळे आजार?' आजार नाही गं, आकार. पण आकारावरून ट्रीटमेंट बदलते हे खरं, आणि त्या कागदावर तीन वेगवेगळ्या प्रोसिजर का लिहिल्यात याचं उत्तरही तेच.

पुढे खरी गंमत. प्रायमिंग ६ आठवडे. ताईने वाचलं प्रायमर. फाउंडेशनच्या आधी लावतात ते. तिला वाटलं डॉक्टर सहा आठवडे प्रायमर लावून खड्डे झाकायला सांगतायत, म्हणजे काही उपाय करायचा नाहीये, टाळतायत. सोबत दिलेलं ट्यूब आणि सनस्क्रीनचं प्रिस्क्रिप्शन वेगळ्या चिठ्ठीवर होतं, ते पर्समध्येच राहिलं. प्रायमिंग म्हणजे लेझर किंवा पीलच्या (ॲसिडने वरची कातडी सोलण्याच्या) आधी काही आठवडे त्वचा तयार करणं. बहुतेक वेळा हायड्रोक्विनोनसारखं रंग कमी करणारं क्रीम, कधी ट्रेटिनॉइन, आणि कडक सनस्क्रीन. हे कागदावर तीन शब्दांत लिहिता आलं असतं, लेझरआधी त्वचेची तयारी. असो.

दुसरीकडे काय झालं

डॉक्टर टाळतायत अशी समजूत झाल्यावर ताई दुसऱ्या एका सेंटरला गेली, नाव लिहित नाही. तिथे काउन्सेलरने फाइल बघितली नाही, ताईनेही दाखवली नाही, ती म्हणाली मला लेझर करायचंय आणि त्या म्हणाल्या करून टाकू, डाउनटाइम फक्त पाच दिवस. एक फॉर्म भरायला दिला.

हा फॉर्म मी नंतर पाहिला. तीन प्रश्न होते आणि ताईने तिन्हींवर 'नाही' खूण केलेली.

रेटिनॉइड चालू आहे किंवा होतं का? नाही. ताई चार महिन्यांपूर्वीपर्यंत हनुवटीच्या पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल घेत होती. ते रेटिनॉइडच, पण तिच्या डोक्यात ती 'पिंपलची कॅप्सूल', रेटिनॉइड हा शब्द तिने आयुष्यात ऐकला नव्हता. ही कॅप्सूल तेलग्रंथी आकसवते आणि व्रण भरण्यावर परिणाम करते असं मानतात, म्हणून वर्षानुवर्षं नियम होता की ती बंद करून सहा महिने ते वर्ष झाल्याशिवाय खोल लेझर किंवा डर्माब्रेजन (कातडी घासून काढणं) करायचं नाही. २०१७ मध्ये तज्ज्ञांनी हा नियम पुन्हा तपासून बराच सैल केला, वरवरचे पील आणि नॉन-ॲब्लेटिव्ह (कातडी न उडवणाऱ्या) लेझरला हरकत नाही म्हणाले, पण चेहराभर खोल घासण्याच्या प्रकारांना तेव्हाही नकोच म्हटलंय. सांगायचं हे की निर्णय कुठलाही असो, डॉक्टरला माहीत तर हवं ना.

हर्पीस झाला आहे का? नाही, आणि तेही रागाने. तिला वाटलं हे आपल्या चारित्र्याबद्दल विचारतायत. ताप येऊन गेला की तिच्या ओठाच्या कडेला पाण्याच्या फोडांचा झुबका येतो, तो हर्पीस सिम्प्लेक्सच असतो, बहुतेक वेळा टाइप १, लहानपणीच घरच्या कुणाकडून येतो आणि मज्जातंतूत झोपून राहतो. तोंडाभोवती ॲब्लेटिव्ह (कातडी उडवणारं) लेझर किंवा खोल पील केलं तर तो उठू शकतो आणि कच्च्या कातडीवर पसरला तर व्रण ठेवून जातो, म्हणून आधीपासून ॲसायक्लोव्हिरसारखी गोळी देतात. नशिबाने ताईला तेव्हा फोड आले नाहीत.

केलॉइड टेंडन्सी? नाही. तिच्या वरच्या कानाला टोचलेल्या जागी मागच्या बाजूला एक टणक गुठळी आहे, केसाखाली झाकलेली. ती तिला आठवलीच नाही, कारण केलॉइड म्हणजे मोठा चामखीळ अशी तिची समजूत.

आणि आता पहिल्या डॉक्टरांचं बघा. त्यांचा कागद जड होता पण प्रश्न साधे होते. त्यांनी विचारलं होतं, पिंपलसाठी कधी कॅप्सूल खाल्ल्यात का, शेवटची कधी? ताप आल्यावर ओठावर फोड येतात का? कुठे जखम भरताना जाड गाठ झालीय का, कान टोचलेत तिथे दाखवा. तिन्हींना तिने खरी उत्तरं दिली होती आणि म्हणूनच त्यांनी लेझर सगळ्यात शेवटी ठेवलं, तेही टेस्ट स्पॉट घेऊन, म्हणजे आधी छोट्याशा जागी करून बघून. तेच तीन प्रश्न, तीच ताई, फक्त शब्द बदलले आणि उत्तरं उलटी झाली. मला या अख्ख्या केसमधली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. काळे डाग नंतर पडले, पण केस इथेच बिघडली होती.

लेझर आणि नंतरचे दिवस

फ्रॅक्शनल सीओटू. या दोन शब्दांत बरंच आहे. कार्बन डायऑक्साइड लेझरची लहर १०,६०० नॅनोमीटरची, ती पेशीतल्या पाण्यात शोषली जाते, पाणी उकळतं आणि तेवढी कातडी वाफ होऊन उडते. कातडी उडते म्हणून हे ॲब्लेटिव्ह. कातडी न उडवता आत फक्त उष्णता सोडणारे ते नॉन-ॲब्लेटिव्ह, उदाहरणार्थ १,५५० च्या आसपासचे. फ्रॅक्शनल म्हणजे सगळा चेहरा न जाळता बारीक बारीक ठिपके पाडायचे, दोन ठिपक्यांमध्ये चांगली कातडी सोडायची म्हणजे ती शेजाऱ्याला भरून काढते. ही कल्पना २००४ मधली. त्याआधी सीओटू म्हणजे सलग थर काढायचे, आठवडा-दोन आठवडे ओली जखम आणि महिनोन्महिने लाली. किती खोल जायचं ते एनर्जी ठरवते आणि ठिपके किती दाट पाडायचे ते डेन्सिटी. गडद त्वचेत डेन्सिटी वाढवली की काळं पडायचा धोका वाढतो, म्हणून पहिल्या कागदावर लो डेन्सिटी असं मुद्दाम लिहिलं होतं. दुसरीकडे एकाच सिटिंगमध्ये जास्त फरक दिसावा म्हणून दाट मारलं. त्यांच्या नोंदीत तसा आकडा आहे, मी वाद घालत नाही.

पहिले दोन दिवस चेहरा लाल आणि सुजलेला. डिस्चार्जच्या कागदावर एरिथेमा आणि एडिमा अपेक्षित असं होतं. एरिथेमा म्हणजे लाली, एडिमा म्हणजे सूज, बस एवढंच. तिसऱ्या दिवशी चेहरा वाळूच्या कागदासारखा खरखरीत, तपकिरी. आणि त्याच कागदावर पुढची ओळ, नेक्रोटिक डेब्री ५ ते ७ दिवसांत निघून जाईल. ताईने नेक्रोटिक शब्द नेटवर शोधला आणि तिला काळी पडलेली बोटं, गँगरीन, कापलेले पाय असे फोटो दिसले. रात्री साडेअकराला मला फोन. 'अगं, माझा चेहरा मरतोय म्हणे.' हीच पहिली वेळ मला कळायची की हिने लेझर केलंय.

नेक्रोसिस म्हणजे पेशी मरणं, हे खरंच. पण लेझरने जाणूनबुजून मारलेल्या पेशींचे कण वर येऊन गळून पडणं आणि रक्तपुरवठा तुटून कातडीचा तुकडाच मरणं या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, शब्द मात्र एकच. दुसरा प्रकार कॉस्मेटिकमध्ये खरोखर भीतीदायक असतो, फिलर (चेहऱ्यात भर घालायचं इंजेक्शन) चुकून रक्तवाहिनीत गेलं तर होतो तो. तिथे कातडी आधी पांढरी फटक पडते, मग जाळीसारखी निळी-जांभळी, दुखतं, आणि तास-दोन तास महत्त्वाचे असतात. फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचं असेल तर ते विरघळवायला हायल्युरॉनिडेज नावाचं इंजेक्शन देतात. (त्या दोन नावांत टाइप करताना मी सुरुवातीला किती वेळा गोंधळ घातलाय ते आमच्या सुपरवायझरला विचारा. एक भरतं, दुसरं विरघळवतं.) ताईचं पहिल्या प्रकारातलं होतं. सहाव्या दिवशी कण पडून गेले, खाली गुलाबी कातडी. ती खूश, ऑफिसला गेली, जाता-येता रोज स्कूटर, सनस्क्रीन सकाळी एकदाच. कारण डाउनटाइम पाच दिवस संपला होता.

डाउनटाइम हा शब्द मला अजिबात आवडत नाही. तो फक्त एवढंच सांगतो की तुम्ही लोकांत कधीपासून जाऊ शकाल. कातडी आतून सावरायला किती महिने लागतात ते त्यात येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात गालावर तपकिरी सावली उमटली, चौथ्यात ठसठशीत. हातमोज्याच्या जाळीसारखे ओळीने ठिपके. सेंटरवाल्यांनी फोनवर सांगितलं, एरिथेमा आहे, जाईल. मी ताईला म्हटलं थांब, एक काचेची पट्टी घे. पारदर्शक, स्वच्छ. गालावर हलकेच दाब आणि काचेतून बघ. लाली ही रक्ताची असते, दाबली की रक्त बाजूला सरकतं आणि जागा फिकट होते. तिने दाबलं. कडेची थोडी गुलाबी छटा गेली, मधले ठिपके होते तसेच तपकिरी. मग हे एरिथेमा नाही, पिगमेंट आहे. ही काही माझी अक्कल नाही, डॉक्टर हेच करतात, डायस्कोपी म्हणतात.

डॉक्टरांकडे परत

पहिल्या डॉक्टरांकडे आम्ही दोघी गेलो. ताईला वाटत होतं ओरडा बसणार, पण त्यांनी आधी कागद हातात घेतला आणि स्वतःच लिहिलेली प्रायमिंगची ओळ बघून म्हणाले, हे मी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं, पण इंग्रजी शब्द तोच ठेवून.

मी मुद्दाम विचारलं की प्रायमिंग केलं असतं तर हे टळलं असतं का. त्यांनी सरळ सांगितलं की तशी खात्री कुणी देऊ नये. १९९९ मध्ये सीओटू लेझरच्या शंभर पेशंटवर झालेल्या अभ्यासात आधीपासून क्रीम लावलेल्यांत आणि न लावलेल्यांत काळं पडण्याचं प्रमाण फारसं वेगळं आलं नव्हतं, कारण वरचा थरच लेझरने उडून जातो. तरी ते सहा आठवडे का देतात? तर तेवढ्यात रापलेपण उतरतं, पेशंटला सनस्क्रीनची सवय लागते का ते कळतं, आणि त्वचा साध्या क्रीमनेही चिडते का तेही दिसतं. जो माणूस सहा आठवडे ट्यूब लावत नाही त्याला मी लेझरच देत नाही, म्हणाले. ताई खाली बघत होती. मला ते उत्तर पटलं, कारण मी मनात सगळं खापर त्या एका शब्दावर फोडून मोकळी झाले होते आणि ते तितकंसं बरोबर नव्हतं. रापलेली टाइप ५ त्वचा, आधीची पीआयएच, दाट ठिपके आणि नंतरचं ऊन, हे चौघं मिळून झालं.

मग खोलीत अंधार करून वूड्स लॅम्प. जांभळट उजेडात ठिपके आणखी उठून दिसले. उठून दिसले म्हणजे रंग वरच्या थरात आहे, एपिडर्मल, आणि हे बरं. रंग खाली डर्मिसमध्ये सांडलेला असता तर साध्या उजेडात तो राखाडी-निळसर दिसतो, या दिव्यात फारसा उठत नाही, आणि जायला कितीतरी जास्त वेळ घेतो. दिवा अगदी अचूक नसतो, गडद त्वचेत तर फसवतोही, पण ताईचा रंग तपकिरी होता त्यामुळे दोन्ही गोष्टी जुळल्या.

ट्रीटमेंट कंटाळवाणी. ॲझेलेइक ॲसिड, थोड्या मुदतीचं हायड्रोक्विनोन, आणि टिंटेड सनस्क्रीन. टिंटेड का, तर आयर्न ऑक्साइडमुळे साधा दिसणारा उजेडही अडतो, आणि गडद त्वचेत तोही रंग वाढवतो, नुसतं यूव्ही अडवून भागत नाही. ताईने कपाटातलं जुनं ट्यूब दाखवून विचारलं हे चालेल का, वर ट्रिपल कॉम्बिनेशन लिहिलेलं. ट्रिपल म्हणजे तिप्पट चांगलं असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असे तीन असतात, मूळ फॉर्म्युला क्लिगमन यांचा, १९७५ चा, आणि तो ठरावीक आठवडे वापरायचा असतो. स्टिरॉइड आहे हे न कळता लोक वर्षानुवर्षं फेअरनेस क्रीमसारखं चोपडतात आणि कातडी पातळ, लालभडक, थांबवलं की पेटते अशी करून घेतात. डॉक्टरांनी ते ट्यूब ठेवून घेतलं.

कानामागची गुठळीही बघितली. जखमेच्या मूळ हद्दीतच होती, कित्येक वर्षांत वाढली नव्हती, थोडी बसलीच होती. म्हणजे हायपरट्रॉफिक. केलॉइड हद्द ओलांडतो, आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर पसरतो, आपण होऊन बसत नाही, नुसता कापला तर बरेचदा पुन्हा येतो.

डाग फिके व्हायला सात महिने गेले. त्यानंतर कुठे खड्ड्यांचं काम सुरू झालं, आणि मूळ कागदाच्याच क्रमाने. सबसिजन, म्हणजे गाल बधिर करून कातडीखाली सुई घालायची आणि खड्ड्याला खाली बांधून ठेवणारे दोरे तोडायचे. पद्धत १९९५ ची, रोलिंगला सगळ्यात उपयोगी, लेझर या दोऱ्यांपर्यंत पोचतच नाही. नंतर दहा दिवस गाल निळा-हिरवा-पिवळा, कागदावर एकिमोसिस. या वेळी ताईने फोन केला नाही, मेसेज केला, 'एकिमोसिस म्हणजे मुका मार ना?' बरोबर. मग टीसीए क्रॉस. ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, पीलमध्ये चेहराभर ३५ टक्क्यांच्या आसपास वापरतात ते इथे खूप जास्त तीव्र, पण टोकदार काडीने एकेका भोकाच्या तळाशीच टेकवायचं. टेकवलं की क्षणात पांढरा ठिपका येतो, फ्रॉस्टिंग. बर्फाशी संबंध नाही, ते प्रथिन गोठल्याचा पांढरेपणा असतो. मी बाजूला उभी राहून बघितलं, एकेक भोक पांढरं होत गेलं, ताई म्हणाली मुंगी चावल्यासारखं होतंय. आधी कानाजवळ दोन ठिपके करून महिनाभर थांबले होते, काळं पडतं का बघायला.

दोन सबसिजन आणि तीन क्रॉसनंतर ग्रेड ३ चं ग्रेड २. टॉर्च बाजूने धरला तर अजून दिसतात, समोर बसून बोलताना नाही. लेझर पुन्हा केलंच नाही.

मधल्या काळात घरात एक वेगळाच वाद चालला होता. पापण्यांसाठी प्लास्टिक सर्जनकडे पाठवलं म्हटल्यावर मावशी म्हणाली, डोळ्यात प्लास्टिक घालणार का. हसू नका, हा गैरसमज अजून जिवंत आहे. शब्द ग्रीक, घडवणं, आकार देणं या अर्थाचा. कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफ या जर्मन सर्जनने १८१८ मध्ये नाक घडवण्याच्या शस्त्रक्रियेवरच्या पुस्तकाच्या नावात तो वापरला, आणि बेकेलाइट नावाचं पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक आलं १९०७ मध्ये. म्हणजे सर्जरी आधीची, बादली नंतरची.

पापणीचा घोळ आर/ओ या दोन अक्षरांचा. ताई वर्षभर सगळ्यांना सांगत होती की मला टोसिस आहे. आर/ओ म्हणजे रूल आउट, हे नाहीये ना याची खात्री करा. टोसिसमध्ये पापणी उचलणारा स्नायू कमजोर असतो, पापणीची कडाच खाली येते. ताईचं तसं नव्हतं, कडा जागेवर, वरची जादा कातडी तिच्यावर लोंबत होती, त्याला डर्मॅटोकॅलेसिस म्हणतात, कागदावरचं हुडिंग ते हेच. सर्जनने छोट्या टॉर्चचा उजेड डोळ्यात टाकला, बाहुलीत जो चमकणारा ठिपका दिसतो तिथपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत पट्टीने मोजलं, कातडी बोटाने उचलून धरून. ४ मिलिमीटर, साधारण ४ ते ५ असतंच. स्नायू ठीक. हा फरक कळला नाही तर काय होतं, टोसिस असलेल्याची नुसती कातडी काढतात, म्हणजे ब्लेफरोप्लास्टी करतात, आणि पापणी तशीच अर्धी मिटलेली राहते. सर्जन म्हणाले करायची तर ब्लेफरोप्लास्टी पुरेल, घाई काहीच नाही. ताईने या वेळी स्वतःच विचारलं, टाके कुठे येणार, कातडी किती काढणार, डोळा पूर्ण मिटेल ना. शेवटचा प्रश्न ऐकून सर्जननी पेन खाली ठेवून नीट समजावलं. जास्त काढली तर डोळा मिटत नाही, कोरडा पडतो, म्हणून आधी खुणा करून डोळा मिटवून बघतात.

तिने अजून ठरवलेलं नाही. फाइल घेऊन घरी आली आणि त्याच रात्री परत फोन, आवाज घाबरलेला. सर्जनने खाली फॉलोअप एसओएस लिहिलं होतं आणि तिला वाटलं बुडत्या जहाजाचा संदेश आहे, काहीतरी तातडीचं निघालंय. मी म्हटलं ताई, ते लॅटिन आहे, गरज वाटली तर या. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'मग गरज वाटली तर या असं लिहायला पेनातली शाई संपत होती का?'